मोटारीचा लांबचा प्रवास आणि आपला मुक्काम

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी गेल्या महिन्यात आमच्या घरी येऊन 'या वर्षीच्या मेळाव्यात आपण चार शब्द बोलावे' अशी आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा, असे आम्ही त्यांसच विचारले. ते म्हणाले, 'गुरुजी, शिक्षणावर बोला, व्यसनमुक्तीवर बोला, हुंड्यावर बोला.' या तिन्ही विषयांवर या व्यासपीठावरून आमच्याहून अधिकारी वक्त्यांची व्याख्याने झालेली आहेत. आम्ही म्हणालो, 'आम्ही मोटारीवर बोलू.' चिटणीस हसले. मोटारीवर बोलण्यासारखे काय आहे, असा भाव त्यांच्या चर्येवर स्पष्ट दिसला.

आज सकाळी मंडपात शिरण्यापूर्वी आम्ही बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या मोटारी, ज्यांस आपली मुले 'एसयूव्ही' म्हणतात, त्या मोजल्या. एकेचाळीस भरल्या. त्यांतील बऱ्याच पुण्याच्या आणि मुंबईच्या क्रमांकांच्या आहेत. म्हणजे आपल्या ज्ञातीची निम्मी मंडळी आता प्रवासात आहेत आणि तो प्रवास या वाहनांतून होतो. तेव्हा हा विषय क्षुल्लक नाही, असे आम्हांस वाटते. आमची विद्या जुन्या अकरावी मॅट्रिकपर्यंतची. पुढे शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन उभा जन्म प्राथमिक शाळेत काढला. प्रथम अकोला जिल्हा परिषदेकडे, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा स्वतंत्र झाल्यावर वाशिमकडे. यंत्रशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. परंतु जे पाहिले व भोगले, ते सांगण्यास पदवी लागत नाही.

आमच्या लहानपणी मामाच्या गावास जावयाचे म्हणजे दमणी जुंपली जाई. खाली कडब्याचा थर, त्यावर गोधडी, वर ताट्यांचे छत. पहाटे निघावे, उन्हे चढली की पाणवठ्यावरील कडुनिंबाखाली बैल सोडावे, दशम्या, तिळाची चटणी आणि कांदा अशी शिदोरी सोडावी, उन्हे कलली की पुन्हा जुंपावे. नऊ-दहा कोसांच्या वाटेत एक मुक्काम ठरलेला. तो कोणाकडे करावयाचा हेही ठरलेले असे. वाटेवर ज्ञातीचे एक घर हमखास असावयाचे. त्या घरी आगाऊ निरोप धाडावा लागत नसे. बैलांच्या गळ्यांतील घुंगरांचा आवाज आला की चुलीवर पिठल्याचे आधण चढे. कोणाची मुलगी उपवर झाली, कोणाच्या शेतीचा तंटा मिटला, कोण आजारी आहे, हे सारे त्या एका रात्रीत कळे. आपली निम्मी लग्ने अशा मुक्कामांतच जुळली, असे वडील माणसे सांगत.

मुक्काम माणसाच्या इच्छेने होत नसे, हे येथे ध्यानात घ्यावे. बैल थकत म्हणून माणसे थांबत.

पुढे एस. टी. आली. वाशिमास अकोला-पूर्णा लहान रुळांची आगगाडी होतीच. २००८ साली तेथे रुंद रूळ झाले. कारंज्याहून मुर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील आपली 'शकुंतला' धावे. आज ती बंद आहे. नंतर काळी-पिवळी आली. नऊ माणसांच्या जागेत सतरा माणसे आणि टपावर दोन सायकली, ही त्या वाहनाची व्यवस्था पुष्कळांस आठवत असेल. आम्ही शेलूबाजारहून वाशिमास पगाराच्या व सभांच्या निमित्ताने वर्षानुवर्षे तीतून गेलो, आणि मागील फळीवर बसून आमच्या कंबरेचा जो एक मणका दुखावला, तो अद्याप पावसाळ्यात आमची आठवण काढतो.

मोटारीच्या लांबच्या प्रवासाचा मूळ इतिहास आम्ही अलीकडेच वाचला. तो आपल्या भगिनींस विशेष आवडेल. ज्या जर्मन गृहस्थाने पेट्रोलवर चालणारी मोटार बांधली, त्या कार्ल बेंझ यांच्या तीन चाकांच्या यंत्रावर लोकांचा विश्वास बसेना. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बर्था बेंझ पतीस न सांगता, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन पहाटे ती मोटार काढून निघाली. मानहाइम गावापासून फोर्झहाइमपर्यंत शंभर किलोमीटरांहून काही अधिक वाट होती. वाटेत इंधन संपले, ते औषधांच्या दुकानातून विकत घेतले. नळी तुंबली, ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. चढावर मुलांनी ढकलले. अंधार पडता पडता ती पोहोचली. कोठे पोहोचली? तर आपल्या आईच्या घरी. जगातील पहिला लांबचा मोटारप्रवास एका सासुरवाशिणीने माहेरी जाण्यासाठी केला, आणि ती तेथे काही दिवस राहून मगच परतली. त्याच दिवशी उलट पावली निघाली नाही, एवढे आपण लक्षात ठेवावे. पुढे याचे काम पडणार आहे.

आपल्याकडे खेड्याने प्रथम पाहिलेली मोटार म्हणजे साहेबाची जीप. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी निघालेले हे वाहन स्वातंत्र्यानंतर तहसीलदार, बी. डी. ओ. आणि पुढारी यांचे झाले. शाळेच्या पटांगणात जीप येऊन थांबली की आमच्या पोटात गोळा उठे, कारण तीतून शिक्षणविस्तार अधिकारी उतरत. १९९४ साली टाटांची 'सुमो' निघाली. हे नाव जपानी मल्लांचे आहे असा आमचा कित्येक वर्षे समज होता. वस्तुतः ते टेल्को कारखाना नावारूपास आणणारे सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या व आडनावाच्या आद्याक्षरांनी बनले आहे. २००२ साली महिंद्रांची 'स्कॉर्पिओ' नाशकास तयार होऊ लागली. तेव्हापासून उंच, रुंद, गुबगुबीत आसनांची मोटार ही साहेबाची न राहता गृहस्थाची झाली.

आमच्या चिरंजीवांनी पुण्यास नोकरी करून तशी मोटार तीन वर्षांपूर्वी घेतली. ती प्रथम दारी आली, तेव्हा आम्ही नापसंती दर्शविली. चार माणसांच्या कुटुंबास एवढे धूड कशाला, हा आमचा प्रश्न. चिरंजीव म्हणाले, 'बाबा, तुमची कंबर आणि आईचे गुडघे यांसाठी.' यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या दिवाळीत आम्ही पाच दिवसांचा प्रवास केला, त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. नाही तर पुढील भाग ऐकून आम्ही मोटारीचे वैरी आहोत असा ग्रह व्हावयाचा. आम्ही तीस वर्षे इतिहास शिकविला. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, हे आम्ही पोरांकडून घोकून घेतले. परंतु अजिंठा स्वतः पाहिला नव्हता! शाळेच्या सहली निघत, त्या जवळच्या. आणि घरची सहल काढण्याएवढी शिल्लक शिक्षकाच्या पगारात उरत नसे. आपल्याच जिल्ह्याच्या राजवटीचे सर्वांत मोठे वैभव न पाहता आम्ही सेवानिवृत्त झालो होतो.

आम्ही, सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई, नात आणि आमच्या बहात्तर वर्षांच्या विधवा थोरल्या भगिनी असे सहा जण निघालो. वाहन उंच असल्याने नऊवारी नेसणाऱ्या भगिनींस चढता येईना. सूनबाईंनी देवघरातील जुना पाट मोटारीत ठेवला. प्रत्येक ठिकाणी तो पाट खाली ठेवावा, त्यावर पाय देऊन बाईंनी वर यावे, पाट पुन्हा आत घ्यावा. कारखान्याने लाखो रुपयांच्या वाहनास जे दिले नाही ते सूनबाईंच्या पाटाने भागविले. आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्याने गेलो. मालेगाव, मेहकर करीत वाट वाकडी करून लोणार पाहिले. बसाल्टच्या खडकात उल्कापाताने झालेले, सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे खाऱ्या पाण्याचे ते सरोवर आपल्या जिल्ह्याच्या सीमेस लागून आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांनी ते पाहिलेले नाही. सिंदखेडराजास लखुजी जाधवांच्या वाड्यात भगिनींनी उंबरठ्यास हात लावून नमस्कार केला. वाटेत त्या दर दीड-दोन तासांनी म्हणत, 'का रे भाऊ, गाडीले जाऊ दे पुढं, मले उतरव, मले चहा पाहिजे.' चिरंजीव थांबत. आम्ही त्या वेळी मनातून कुरकुरलो. आज वाटते, त्या प्रवासात आम्हांस सुखरूप नेणारे कोणी असेल तर त्या बाईंचा चहा.

पहिली रात्र जालन्यास एका नातलगांकडे, दुसरी संभाजीनगरास सूनबाईंच्या मावशीकडे. वेरूळास कैलास लेणे पाहिले. डोंगर वरून खाली कोरीत आणून काढलेले ते देऊळ शब्दांनी सांगण्यासारखे नाही. अजिंठ्यास गंमत अशी की, खाजगी मोटार लेण्यांपर्यंत जाऊ देत नाहीत. ती फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून एस. टी. ने पुढे जावे लागते. म्हणजे कितीही आरामाची मोटार असो, शेवटची वाट सर्वांना सारखी. सौभाग्यवतींस डोलीतून वर नेले. सोळाव्या लेण्याच्या ओसरीवर आम्ही नातीस वराहदेवाची गोष्ट सांगू लागलो, आणि दोन वाक्यांतच आमचा कंठ दाटून आला. नात म्हणाली, 'आजोबा, पाणी पाहिजे का?' आम्ही होय म्हणालो.

हे सर्व त्या मोटारीमुळे घडले. एस. टी. च्या बाकावर बसून आमच्या कंबरेने आणि सौभाग्यवतींच्या गुडघ्यांनी हा प्रवास कदापि केला नसता. वार्धक्यात माणसाचे जग अंगणापुरते होते, ते या वाहनाने पुन्हा मोठे केले. म्हणून आम्ही त्याचे ऋणी आहोत.

आता दुसरी बाजू.

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे यांचे नाव त्यास दिलेले आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. त्यांपैकी नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजी. कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव या ठिकाणी आपल्याला त्यावर चढता-उतरता येते. सपाटीवर मोटारीस ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांस तेथे मज्जाव आहे. दमणीचा तर प्रश्नच नाही. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या परिसरातून रस्ता जातो, म्हणून प्राण्यांसाठी वरून व खालून वाटा ठेवल्या आहेत. काम मोठे आहे, यात शंका नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या सुखदुःखाचा विषय निराळा, तो आज घेत नाही.

या रस्त्यावर ही मोटार कशी चालते, तर चालत आहे असे वाटतच नाही. काचा बंद, आत गारवा, आसन पाठीस लगटलेले, चाकांखालील हादरे आतपर्यंत पोहोचत नाहीत. चालकाने एकदा वेग ठरवून कळ दाबली की पायाने दाबावयाचेही काम उरत नाही. रस्ता सरळ. समोरून वाहन येत नाही, आडवे गुरू येत नाही, आखून दिलेल्या जागा सोडल्या तर वाटेत टपरी नाही, वळणावर ओळखीचा वड नाही. डोळ्यांस काम नाही, हातांस काम नाही, कानांस काम नाही. अशा स्थितीत मेंदू काय करतो, हे इयत्ता पहिलीतील मूल दुपारच्या तासाला काय करते त्यावरून आम्हांस ठाऊक असावयास हवे होते.

फळ्यावरील साधे गणित पाहा. ताशी १२० किलोमीटर म्हणजे एका सेकंदास ३३ मीटर. तीन सेकंद डोळा लागला तर १०० मीटर वाहन कोणीही चालवीत नसते. शाळेच्या पटांगणाची धावण्याची पूर्ण रेघ तेवढी असते. दुसरे गणित. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. साठाच्या वेगात जो धक्का बसेल त्याच्या चौपट एकशे वीसच्या वेगात. त्यात हे वाहन वजनाने जड व उंचीने जास्त. उंच वाहनाचा तोल, एकाएकी चक्र फिरविले असता, बुटक्या वाहनापेक्षा लवकर जातो. भरल्या गाड्यावर पेंढ्या उंच रचल्या की तो कलंडतो, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. काळ्या-पिवळीत आपण जीव मुठीत धरून बसत होतो, कारण वेग आपल्या हाडांना कळत होता. आता तो हाडांना कळत नाही, केवळ समोरील आकड्यावर दिसतो. आणि आकड्यास भिणे माणसाच्या स्वभावात नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते आमच्याच घरचे आहे. आम्ही त्यासाठीच उभे राहिलो.

गेल्या वैशाखात संभाजीनगरास आमच्या पुतणीचे लग्न होते. चिरंजीव त्या दिवशी पहाटे पुण्याहून सहकुटुंब निघून परस्पर तेथे आले. आम्ही दोघे आदल्या दिवशी गेलो होतो. लग्न गोरज मुहूर्तावरचे. आपल्याकडे गोरज मुहूर्ताची वेळ पत्रिकेत छापण्यापुरती असते, हे सर्वज्ञात आहे. वरात निघाली, ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे तरुण मंडळी नाचत राहिली, अक्षता पडावयास रात्रीचे साडेनऊ झाले. पंक्ती उठता उठता साडेअकरा. चिरंजीव दिवसभर पाहुण्यांची ने-आण करीत होते. वधूपिता, म्हणजे आमचे बंधू, आग्रहाने म्हणाले, 'दादा, गच्चीवर गाद्या टाकल्या आहेत, सकाळी जा.' त्यावर आम्ही जे उत्तर दिले ते आम्हांस शब्दशः आठवते. आम्ही म्हणालो, 'गर्दी कशाला करावयाची? अडीच तासांचा तर रस्ता, आणि गाडी काय, घरच्या पलंगासारखी आहे. घरी जाऊनच झोपू.'

चिरंजीव काही बोलले नाहीत. वडिलांपुढे 'मला झोप येते' असे म्हणणे आपल्या घरांतील मुलास जमत नाही, मग तो चाळिशीचा का असेना.

महामार्गास लागलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. सौभाग्यवती व सूनबाई मधल्या आसनावर, नात त्यांच्यामध्ये आडवी. आम्ही पुढे, चालकाशी बोलत राहून त्यास जागे ठेवण्याच्या कामगिरीवर. जालन्यापर्यंत आम्ही ती बजावली. पुढे केव्हा घोरू लागलो ते आम्हांस सांगता येत नाही.

मेहकर मागे टाकल्यावर, दोनच्या सुमारास, लोखंड फाटावे तसा आवाज झाला. मोटार डाव्या अंगास सरकत जाऊन कठड्यास घासत चालली होती. चिरंजीव जागे झाले आणि त्यांनी चक्र एकदम न ओढता धीराने सावरले. त्यांनी तसे का केले हे त्यांनाही सांगता येत नाही. मोटार उलटली नाही. ती कठड्यास घासतच बरीच पुढे जाऊन थांबली. सौभाग्यवतींचे उजवे मनगट मोडले. नात आसनावरून खाली फेकली गेली, तिच्या कपाळास टाके पडले. तिला पट्टा बांधला नव्हता, 'झोपली आहे, कशाला उठवता' असेही आम्हीच म्हणालो होतो.

तेथे अंधारात कठड्याच्या कडेला उभे असता दूर एका गावाचे दिवे दिसत होते. त्या गावात आमच्या वडिलांचा ठरलेला मुक्काम असे. लहानपणी आम्ही त्या घरी किती वेळा झोपलो असू. कुंपणामुळे तिकडे उतरण्यास वाट नव्हती.

मदतीची गाडी आली, रुग्णालय गाठले, सर्व काही यथास्थित पार पडले. चिरंजीवांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. नातीची वेणी घालताना भांगाशेजारी तो व्रण दिसतो.

१ जुलै २०२३ च्या पहाटे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, याच महामार्गावर पुण्यास निघालेली एक खाजगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे जळून गेली. तीत विदर्भातील कित्येक घरांची तरुण मुले होती. आम्ही त्या वेळी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली, हळहळलो आणि पान उलटले. आपली मोटार आरामाची आहे, आपला चालक घरचा आहे, हे कवच आपणांस पुरेसे वाटत होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात प्रसिद्ध उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ते उत्तम प्रतीच्या उंच मोटारीत मागच्या आसनावर बसले होते आणि पट्टा बांधलेला नव्हता. मागे बसणाऱ्यानेही पट्टा बांधावा असा नियम त्यापूर्वीपासून आहे. मागील आसन म्हणजे दिवाणखाना, ही समजूत थोरामोठ्यांपासून आमच्यापर्यंत सारखीच.

नंतर अंथरुणावर पडून असता आम्ही थोडे वाचन केले. मोटार-कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने पगारी चालकाचे काम दिवसास आठ तासांचे ठरविले आणि पाच तासांपुढे किमान अर्धा तास विश्रांती दिल्याखेरीज त्यास जुंपू नये असे बंधन घातले. साठ वर्षांपूर्वी सरकारास जे समजले ते आम्हांस घरच्या मुलाविषयी समजले नाही. त्या दिवशी चिरंजीव पहाटे चारला उठले होते. दोन वाजता त्यांना जागे होऊन बावीस तास झाले होते. घरच्या चालकास कायदा नाही. त्याचा कायदा म्हणजे घरातील वडील माणूस, आणि तो पुढच्या आसनावर घोरत होता. रात्री दोन ते पहाटे पाच हा काळ देहधर्माने झोपेचा आहे. चहाने आणि तोंडावर पाणी मारल्याने ती थोडी लांबते, टळत नाही. मोटार सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटल्याने मात्र खरोखर उपयोग होतो.

तेव्हा मंडळापुढे आमचे म्हणणे असे आहे. आपली स्मरणिका दर वर्षी वधूवरांची सूची छापते. तिच्या मागे दोन पाने आणखी जोडावीत. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना, संभाजीनगर, आणि तिकडे वर्ध्याकडील वाटेवर, ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी रात्री-अपरात्री आलेल्या कुटुंबास पाठ टेकण्यापुरती जागा मिळेल, त्यांची नावे त्यांच्या संमतीने तेथे यावीत. भोजनाचा आग्रह नाही, गाद्या व पाणी पुरे. बैल थकत म्हणून पूर्वी थांबणे घडे. मोटार थकत नाही, म्हणून आता थांबण्याचे ठिकाण आपणच नेमले पाहिजे. यास कोणी जुनाट म्हणेल. म्हणो बापडा.

दुसरे, लग्नपत्रिकेत छापलेल्या वेळी अक्षता पाडाव्यात. वरातीपुढे तीन तास नाचणारी मुले आणि त्यानंतर पहाटेपर्यंत मोटार हाकणारी मुले ही तीच असतात, हे वरपित्यांनी विसरू नये. ज्याच्या घरी रात्रीचे लग्न असेल त्याने दूरच्या पाहुण्यांच्या निजण्याची सोय निमंत्रणातच कळवावी आणि पाहुण्यांनीही आमच्यासारखा शहाणपणा करू नये.

आणि एक गोष्ट, जी या व्यासपीठावरून बोलताना आम्हांस संकोच होतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे पगारी चालक आहेत, ते मांडवाबाहेर मोटारीतच झोपतात व सर्वांच्या शेवटी जेवतात. उरले असेल ते जेवतात. मग मध्यरात्री आपण त्यांस हाक मारतो आणि आपली मुलेबाळे त्यांच्या स्वाधीन करून निजतो. चालकाचे पान पहिल्या पंक्तीस मांडावे आणि त्यास निजावयास खाट द्यावी. तो कोणत्या ज्ञातीचा आहे हे विचारण्याचे कारण नाही.

उन्हाळ्यात निघण्यापूर्वी टायरमधील हवा, पट्टे, लहान मुलांची आसने यांविषयी तरुण मंडळी आमच्यापेक्षा अधिक जाणतात. त्यांनी ते वडिलांच्या तोंडावर बोलावे, एवढेच. आमच्या घरी आता तसा परिपाठ पडला आहे. नातीने पट्टे पाहिल्याखेरीज मोटार हलत नाही, आणि गेल्या महिन्यात तिने आम्हांसच उठवून पट्टा पुन्हा बांधावयास लावला. गेल्या पौषात चिरंजीव पुण्याहून येताना रात्री जालन्यास थांबले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचले. येताना तेथील नातलगांकडून आमच्या भगिनींसाठी तिळाच्या वड्या आणल्या, आणि एका स्थळाची बातमीही आणली. त्याविषयी मेळावा संपल्यावर संबंधितांशी बोलू.

मंडळाने दोन पाने छापावीत किंवा न छापावीत, त्याची वाट आम्ही पाहिलेली नाही. शेलूबाजारच्या उतारापासून आमचे घर मोटारीने दहा मिनिटांवर आहे. दाराशी कडुनिंब आहे, त्याखाली तीन मोटारी उभ्या राहतात. ओसरीवर सहा गाद्या आणि दोन मच्छरदाण्या बाहेरच ठेवलेल्या असतात, माठ भरलेला असतो. भगिनींस रात्री झोप कमी, त्यामुळे कडी कितीही वाजता वाजविली तरी त्या उघडतात. पायदान उंच असेल तर पाट दारामागे आहे.